रेवणप्पांचा तुक्कू

रेवणप्पा कुणाच्याही घरी गेले, की आधी दाराच्या कडीचा वास घ्यायचे. नमस्कार-चमत्कार मागाहून. कडी उचलायची, तिच्यावर अंगठा फिरवायचा, अंगठा नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे, आणि मग घरधन्याकडं असं बघायचं, की आपल्या घरात कायतरी वाईट झालंय आणि ते आपल्यालाच अजून कळलं नाही असं त्या बिचाऱ्याला वाटावं.

"तुक्कू येऊन गेला हितं," ते म्हणायचे. "परवा दुपारी."

तुक्कू म्हणजे गंज. शब्द कानडी. आमचं गाव नळदुर्गाच्या अंगाला, निजामाच्या मुलखाच्या अगदी कडेला. निम्मं गाव घरात कानडी बोलायचं, बाजारात मराठी, आणि कचेरीत काम निघालं तर हात जोडून जमेल तसं उर्दू. त्यामुळं शब्द सगळ्यांना कळायचा. पण गंज चढला, गंज लागला, असं रेवणप्पा कधी म्हणायचेच नाहीत. तुक्कू आला, तुक्कू बसला, तुक्कू आज मागल्या दारानं शिरला! मी लग्न होऊन या गल्लीत आले, माझी हळदसुद्धा उतरली नसेल, आणि हे गृहस्थ ओसरीवर उभे राहून आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गंभीरपणे सांगत होते, "वैनी, तुमच्या न्हाणीत तुक्कू बसलाय. मला बघून गप झाला." मी नेमकी न्हाणीकडंच निघाले होते. कळशी तिथंच टेकवून स्वैपाकघरात पळाले. आत्याबाई हसल्या नाहीत की घाबरल्या नाहीत. "बादलीचा कान असंल," त्या म्हणाल्या. "आण हिकडं."

बादलीचाच कान होता. पण पुढं कित्येक दिवस न्हाणीत दाराकडं पाठ करून बसायचा मला धीर झाला नाही.

माणूस उंच, वाळलेला. कपाळावर विभूतीचे पट्टे, कोपरांवर विरलेली बंडी, बोटं कायमची काळी, आणि अंगाला चिंचेचा आंबूस वास. वास यायचा, पण पाऊल वाजायचं नाही. तुम्ही परसात भांडी घासताय, आजूबाजूला चिटपाखरू नाही, आणि पाठीमागनं एकदम आवाज, "तवा जरा पालथा करा बघू." माझ्या हातनं तवा किती वेळा राखेत पडलाय, देव जाणे. एकदा मी चिडून म्हटलं, "मामा, खाकरून तरी येत जावा हो!" तर म्हणाले, "खाकरलो तर त्यो पळून जातोय न्हवं." तो म्हणजे कोण, हे विचारायची सोय नव्हती.

पूर्वी त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, कुलपं, नांगराचे फाळ. तिकडं विलायतेत लढाई जुंपली आणि इकडं माल यायचा बंद झाला. नवं लोखंड डोळ्याला दिसेना. दुकान आपोआप मिटलं. बायको फार आधीच, लग्नानंतर थोड्याच वर्षांत, देवाघरी गेलेली. मूल नाही, बाळ नाही. मग गल्लीत जेवढं म्हणून जुनं लोखंड होतं, त्याचा जिम्मा या माणसानं आपण होऊन अंगावर घेतला.

सगळं काम घरातच. स्वैपाकघर, माजघर, देवघराचा कोपरा, जिथं बघाल तिथं मडकी. पातळ गंजाला शिळं ताक, जाड गंजाला चिंचेचा कोळ. त्यात गावाच्या बिजागऱ्या, कोयंडे, विळ्यांची पाती, पोहऱ्यांच्या कड्या भिजत पडलेल्या. भिजलं की काढायचं, राख आणि विटेची भुकटी काथ्यावर घेऊन घासायचं, कढत पाण्यानं धुवायचं आणि तसंच चुलीच्या उबेला ठेवायचं. "वलं ठिवलं की सांजच्याला तुक्कू परत हजर," ते सांगायचे. वाळलं की एरंडीचं तेल. करडीचं चालायचं नाही. आमच्याकडं घरोघर करडीचं तेल, लोक तेच सगळ्याला चोपडायचे, आणि ते चार दिवसांत चिकट होऊन डिंकासारखं बसतं. कुलपात करडीचं तेल घालणाऱ्या माणसाबद्दल रेवणप्पा जे बोलायचे, ते कानडीत बोलायचे म्हणून बरं. आम्हाला कानडी येत होतं, पण येत नाही असं दाखवता यायचं.

एकदा मी भर दुपारी आमची विळी आणायला त्यांच्याकडं गेले. दार उघडं. आत अंधार. डोळे सरावल्यावर दिसलं, तर हे एका मडक्याला कान लावून बसलेले. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि मला खाली बसायची खूण केली. बसले. मडक्यातनं बारीक आवाज येत होता. आंबट पाण्यात लोखंड पडलं की बुडबुडे येतात, एवढं मलाही ठाऊक होतं हो. पण त्या घरातली सगळी मडकी कुजबुजत होती. कोपऱ्यातलं थांबलं की देवघरापाशी सुरू. ते थांबलं की माझ्या पाठीमागं.

"गुरवाच्या आडाची कडी हाय ही," ते हळूच म्हणाले. "गुरवीण गेल्यापासनं कुनी हात लावला न्हाई तिला. लई बोलती."

मी विळी न घेताच घरी आले. आत्याबाईंना सांगितलं, अजून भिजायची राहिलीय.

त्यांचं एक शास्त्रच होतं. लोखंड पाण्यानं गंजत नाही, मुकेपणानं गंजतं. "पान्यानं गंजलं असतं तर आडातला पोहरा पयला मेला असता," असा त्यांचा बिनतोड सवाल. "रोज धा बायका त्याच्याभवती बोलत्यात, म्हणून जगतोय त्यो. मानसाचा हात लागंना, आवाज लागंना, की तुक्कूला वाटतं, घर रिकामं हाय. मग त्यो येऊन ऱ्हातो." असं म्हणून ते आपल्याकडं इतक्या शांतपणे बघायचे, की हसू ओठावर आलेलं माघारी जायचं. पोरं तर त्यांना बघून चिडीचूप. खरं म्हणजे बोलायला पाहिजे होतं, पण पोरांना शास्त्र कुठलं कळतंय.

सोनारीच्या जत्रेला गल्लीतली माणसं गेली, तेव्हा हेही गेले. बाकीचे भैरवनाथाच्या दर्शनाला रांगेत, आणि हे चिंचेची पुरचुंडी सोडून घंटेची साखळी तपासायला. तिथली माकडं काय सोडतात? पुरचुंडी पळवली. रेवणप्पा दर्शन न घेताच मागं फिरले. "देवापाशी गर्दी हाय, आवाज हाय," म्हणाले. "तिथं माझं काय काम?"

इथवर हसण्यावारी होतं. पण माझ्या नणंदेला तेरखेड्याकडचं एक स्थळ आलं, तिथपासनं गल्ली त्यांना भ्यायला लागली. घर मोठं, माणसं झ्याक, तिघं भाऊ एका चुलीवर. बोलणी करायला वडीलधारे म्हणून रेवणप्पांना नेलं होतं. पानाचं तबक पुढं आलं. रेवणप्पांनी अडकित्ता उचलला, उघडला, मिटला, नाकाशी नेला, आणि तबकात ठेवून उठले. "चला," म्हणाले. आत्याबाईंना ब्रह्मांड आठवलं. पण त्या काळी वडीलधाऱ्यानं चला म्हटल्यावर चलायचं. गाडीत बसल्यावर आत्याबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला, तर हे एवढंच म्हणाले, "वैनी, तीन भावांच्या घरात अडकित्त्याच्या खिळ्यात तुक्कू? त्या घरात मानसं बोलत न्हाईत." आणि पुढच्या पाडव्याच्या आत त्या घरात वाटण्या होऊन मधे भिंती पडल्या, डोकी फुटली, धाकट्याची बायको माहेरी जाऊन बसली. नणंद सुटली म्हणून आम्ही देवाला नारळ फोडला. पण त्यानंतर रेवणप्पा दारात आले की बायका आधी पदरानं कडी पुसायच्या. हा माणूस काय वास घेईल आणि काय बोलून जाईल, नेम नाही.

आमच्या घरावर मात्र त्यांचा फार जीव. कारण सांगायला लाज कसली? आत्याबाई आणि मी उजाडल्यापासनं भांडायचो. मिठावरनं, सरपणावरनं, कशावरनंही. आत्याबाईंचा आवाज खणखणीत, आणि माझा, आमच्या ह्यांच्या मते, चिरका. रेवणप्पा सकाळीच येऊन ओसरीवर खांबाला टेकून बसायचे आणि भजनाला बसल्यासारखे डोळे मिटून ऐकायचे. मधेच थांबलो तर डोळे उघडायचे. "का वं? झालं का?" चहा कधी प्याले नाहीत, जेवायला म्हटलं तर हात जोडायचे. "तुमच्या घरात तुक्कू पाय ठिवणार न्हाई," एवढं बोलून उठायचे. असा आशीर्वाद कुणा सासू-सुनेला मिळाला नसेल.

मग ते वाईट दिवस आले. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरायला लागल्या. दाणागोटा न्यायच्या, कडब्याच्या गंजी पेटवायच्या, बाप्यांना धरून न्यायच्या. दाद मागायची तर कुणाकडं? हद्द ओलांडली की सोलापूर, तिथं निजामाचा हुकूम चालत नव्हता. एकेक गल्ली उठायला लागली, आणि भर पावसाळ्यात आमचीही उठली. गाड्या जुंपल्या, बायका उंबऱ्याला डोकं टेकून रडतायत, आणि आमच्या ह्यांना काय सुचावं, तर निघताना दाराला कुलूप घालून त्यात पळीभर करडीचं तेल ओतलं! पावसात कुलूप गंजू नये म्हणून. रेवणप्पांनी नेमकं ते पाहिलं.

"अय्यो शिवने!" त्यांनी ह्यांच्या बंडीलाच हात घातला. "डिंक वतलास की रं! आता परत येशील तवा हे उघडंल कसं?"

परत येशील, असं म्हणणारा त्या दिवशी गल्लीत तो एकटाच माणूस होता.

सगळे गाड्यांत बसले, रेवणप्पा बसेनात. विनवलं, ओढलं, शिव्या दिल्या. एकच बोलणं. "समदे गेलो तर हितं बोलणार कोन?" डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं, असं म्हणून गाड्या हलल्या. मी वळून पाहिलं तर ते आमच्या दारापाशी कुलपाला नाक लावून उभे होते.

सोलापुरात एका नातलगाच्या वखारीत आम्ही सगळी गल्ली दाटीवाटीनं पडलो होतो. तिथं एक दिवस खबर आली, की टोळी आता आमच्याच गावात तळ ठोकणार, आणि रिकाम्या गावात जो कुणी सापडेल त्याला खबऱ्या समजून कापणार. गावात सापडण्यासारखं एकच माणूस होतं. आधी दोघंजण जीव मुठीत धरून त्यांना आणायला जाऊन आले होते, त्यांना रेवणप्पांनी पाणी पाजून माघारी धाडलं होतं. आता बाप्यांनी जायची सोय उरली नव्हती, वाटेत धरत होते. आत्याबाई उठल्या.

"मला भितो त्यो," त्या म्हणाल्या. "म्या आणते. पारू, ऊठ. भाकऱ्या बांधून घे."

माझी काय टाप होती नाही म्हणायची.

पहाटे निघालो. करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका टाळून ओढ्याकाठानं, डोक्यावर काट्याकुट्यांची मोळी, विचारलं तर सरपणाला आलोय. कुणी विचारलं नाही. सूर्य माथ्यावर आला तसे गावात शिरलो. पाऊस नुकता थांबलेला, पागोळ्या गळत होत्या. कुत्रं नाही, कोंबडं नाही. सगळ्या गल्लीला कुलपं. आणि ती कुलपं, काय सांगू, एकही लाल पडलेलं नव्हतं. पावसाळा सरत आला होता, पण दारोदारी कुलूप, कोयंडा, कडी, सगळं तेलानं निथळत होतं. भिंतींना शेवाळ, उंबऱ्यात गवत, आणि मधोमध ते लखलखीत लोखंड. मला ते बघवेना.

"गुंडूऽऽ! आरं दूध पी की रं मुडद्या!"

आवाज चन्नव्वाच्या घरातनं आला. चन्नव्वा आमची शेजारीण. दाराला बाहेरनं भलंमोठं कुलूप. आणि चन्नव्वा आणि तिचा गुंडू दोघं पहाटे वखारीत झोपलेले आम्ही आमच्या डोळ्यांनी बघून निघालो होतो. आत्याबाईंनी माझा हात असा धरला, की बांगडी पिचली. आतनं पुन्हा हाक, पुन्हा तोच लाडिक राग, आणि मग काहीतरी घासल्याचा आवाज. खर्र, खर्र. मग तो थांबला. मग जिना जरासा करकरला. मग माळवदावर कायतरी सरकलं. आमच्याकडची घरं भिंतीला भिंत लागून, माळवदं सगळी एकसलग. त्या मातीच्या सपाट छपरांवरनं ते जे काय होतं ते पुढं गेलं, कडेची थोडी माती खाली झडली, आणि ते आमच्या घराच्या बाजूला उतरलं.

"शिव शिव शिव शिव," आत्याबाई पुटपुटायला लागल्या. त्यांच्या तोंडनं देवाचं नाव मी तसं कमीच ऐकलेलं.

आमच्या दारापाशी उभं राहिलो. आतनं माझा आवाज आला. माझा! चिरका, वर चढणारा. "आत्याबाई, मीठ म्या न्हाई, तुमीच दुसऱ्यांदा टाकलंय!" आणि लगेच आत्याबाईंचा, खालच्या पट्टीतला. "व्हय गं व्हय, म्या म्हातारी झाले, मला दिसत न्हाई, तूच काय ती शहाणी!"  खोटं कशाला बोलू, मला क्षणभर वाटलं, आपण दोघी वाटेत कुठंतरी मेलोय, आणि आपलं जे काय मागं राहिलंय ते आत भांडतंय.

आत्याबाईंनी कमरेची किल्ली काढली. करडीचं तेल प्यालेलं ते कुलूप किल्ली फिरताच उघडलं. दारानंही हूं की चूं केलं नाही. आत चुलीसमोर पाठमोरे रेवणप्पा बसले होते. मांडीवर आमची विळी, हातात काथ्या. एका बाजूला मान वळवली की मी, दुसऱ्या बाजूला वळवली की आत्याबाई. माझं बोलताना बंडीचं टोक कमरेला खोचत होते.

"भावजी!" आत्याबाई ओरडल्या.

"वैनी, जरा दम धरा," ते मागं न बघताच म्हणाले. "सूनबाईचं पुरं हू द्या."

बोलून झालं आणि त्यांचे हात थांबले. सावकाश वळून बघितलं. तोंडावरचं रक्त उतरलं. विळी पुढं धरून ते सरकत सरकत भिंतीला लागले. "अय्यो शिवने," म्हणाले. "जित्या हायसा का?"

"तुम्हीच सांगा!" मी म्हटलं. मला हसू आलं का रडू, मला अजून ठरवता येत नाही.

मग आत्याबाईंनी सगळं सांगितलं. टोळी आज-उद्या येणार, सापडलात तर कापतील, उठा. ऐकून घेतलं त्यांनी. विळीवरनं बोट फिरवत राहिले. "समद्यांच्या घरी जातो रोज," म्हणाले. "चन्नव्वाचं सोपं हाय, तिला एकच हाक लागती. मास्तरांच्या घरी पाढे म्हणतो. तुमचं लई अवघड. दोघींचं करायचं, आनि सूनबाईंचा त्यो वरचा सूर मला जमंना. बघा की, विळीच्या खिळ्यापाशी जरा आलाय त्यो." आणि खरंच जरासा लाल ठिपका होता. मग जरा लाजून म्हणाले, "आलाच हायसा, तर थोडं भांडून जावा."

"भांडून?" आत्याबाईंचा तोल गेला. "मुडदा बसिवला तुमच्या तुक्कूचा! हितं जीव टांगणीला लागलाय, पोरगी उपाशीपोटी चालवत आणली म्या..."

"उपाशी कुणी ठेवलं?" मी म्हटलं. "भाकरी सोडू का म्हटलं तर तुम्हीच न्हाई म्हणालात ओढ्यापाशी!"

"तोंड वर करून बोल!"

आणि लागलं की हो भांडण! खरोखरचं. वखारीतल्या सगळ्या दिवसांचं साचलेलं. परक्याच्या छपराखाली सासू-सुनेला नीट भांडतासुद्धा येत नाही. आम्ही ओरडत होतो, दोघींच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, आणि रेवणप्पा खांबाला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. आमचा दम संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि उठले.

"बास. आता आठ दिस पुरंल," म्हणाले, आणि काथ्या घेऊन सरळ जिन्यानं माळवदावर. थोड्या वेळानं गुरवाच्या घरातनं खर्र खर्र सुरू झालं.

आत्याबाई मटकन खाली बसल्या. उन्हं कलायच्या आत हद्द गाठायला हवी होती. ओरडून झालं, रडून झालं, आता या माणसाला न्यायचं कसं? शेवटी म्हणाल्या, "चल, त्याचं गाठोडं बांधू. गाठोडं बघितलं की माणूस निघतं."

त्यांचं घर गल्लीच्या टोकाला. दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी. आत्याबाईंनी कडीला हात घातला आणि तसाच मागं घेतला. तळवा लालभडक. कडी गंजून फुगली होती, पापुद्रे सुटले होते, कोयंड्यात अशी बसली होती की निघेना. दगडानं ठोकून काढली. दार उघडताना इतकं किंचाळलं, की मी दचकून मागं पाहिलं. सगळ्या गल्लीत तेवढं एकच दार ओरडलं.

आत मडकी कोरडी ठाक. चुलीत मुंग्यांनी मातीचा ढीग घातलेला. जे लोखंड दिसेल ते लाल. हा माणूस कित्येक दिवसांत स्वतःच्या घरी फिरकलाच नव्हता. आणि पूर्वी तरी काय होतं? इथं कोण बोलत होतं? बायको गेल्यापासनं या घरात कुणी कुणाला हाक मारली नव्हती. येणारा माणूस आंबूस वासानं दारातनंच परत फिरायचा. मला एकदम कळलं, की सगळ्या गल्लीचे आवाज काढणाऱ्या या माणसाला या घरात काढायला कुणाचा आवाज आठवतच नसेल. 

 आत्याबाईंनी पदरानं चुलीपुढची जागा पुसली. एक थाळी शोधली, आडाचं पाणी ओढून ती धुतली, भाकरी सोडली, शेंगांची चटणी वाढली, कांदा फोडला, तांब्या भरून ठेवला. मग अंगणात जाऊन कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. सासरे हयात होते तेव्हा त्यांना शेतातनं बोलावताना लावायच्या तसला आवाज लावला.

"अवो भावजीऽऽ! भाकरी वाढून ठिवलीया! जेवायला येताव का न्हाई?"

गुरवाच्या घरातलं खर्र खर्र थांबलं.

काहीच झालं नाही.  आत्याबाईंनी पुन्हा हाक मारली, आणि ह्या वेळी त्यांचा आवाज फाटला. "अवो, किती येळ वाट बघायची मानसानं? घरी या की!"

"आलो," माळवदावरनं आवाज आला. "आलो, आलो. आलोच म्या."

पळत येत होते. कधी पाऊल न वाजणारा माणूस, त्याच्या धावण्यानं भिंतींची माती झडत होती. आले, हातपाय धुतले, दारातनं वाकून आत शिरले आणि थाळीसमोर बसले. खाली मान घालून जेवले. आम्ही दोघी समोर बसून होतो. मधे एकदा आत्याबाई म्हणाल्या, "चटणी घ्या की अजून," आणि त्यांनी घेतली.

जेवण झाल्यावर आत्याबाईंनी गाठोडं पुढं केलं. त्यांनी ते काखेत मारलं आणि आमच्या मागनं निघाले. एकाही कुलपाला हात लावला नाही. ओढा आला. पाण्यात पाय घालताना ते थांबले.

"वैनी," म्हणाले, "उद्या बी हाक मारताल का?"

"मारते," आत्याबाई म्हणाल्या. "पाय उचला."